टाचांना लावून उरलेलं कोकमतेल

आपल्या न्हाणीघरातली फळी एकदा नीट पाहा, मंडळी. तिच्यावर आईच्या, लेकीच्या, सुनेच्या बाटल्यांची दाटी असते आणि अगदी कडेला, पडेल की राहील अशा बेतानं, एक तुरटीचा खडा आणि एक दाढीचा ब्रश. ती वडिलांची जागा. मांजलपुरातल्या अविनाशरावांच्या फळीवर तर दुसऱ्या कुणाच्या बाटल्याही आता उरल्या नव्हत्या. स्नेहलताबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. फळी सगळी मोकळी होती, तरी तुरटीचा खडा अजून कडेलाच होता.

अविनाशरावांनी नंदेसरीला रंगांच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली. कारखान्यानं हातमोजे दिले होते. मोठे साहेब पाहणीला आले की सगळे ते घालत. एरवी हातमोजे घालणारा माणूस नाजूक, असं तिथल्या पुरुषांनी आपसांत एकमतानं ठरवून टाकलं होतं. या ठरावाची नोंद कुठल्या वहीत नव्हती, तळहातांवर होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी थंडी पडली की हात फुटत. कुणी विचारलं तर अविनाशराव हात खिशात घालत आणि हवा बदलल्याबद्दल बोलू लागत.

वडिलांना भेट काय द्यायची, हा आपल्याकडचा जुना प्रश्न. त्याचं उत्तर बहुधा शर्टपीस असतं. अविनाशरावांच्या कपाटात असे नऊ शर्टपीस न शिवलेले पडून होते. म्हणून गेल्या वाढदिवसाला त्यांच्या एकुलत्या लेकीनं, कौमुदीनं, मोबाइलवर बघून घरच्या घरी तीन वस्तू तयार केल्या: दाढीचं तेल, कॉफी-साखरेचा स्क्रब आणि एक मलम. आपले बाबा चाळीस वर्षं रोज सकाळी सहाला गुळगुळीत दाढी करतात, हे तिला ठाऊक होतं; मोबाइलला नव्हतं, आणि तिनं मोबाइलचं ऐकलं. अविनाशराव "वा, छान" म्हणाले. तेल त्यांनी गॅलरीच्या दाराच्या बिजागरीला घातलं. स्क्रब म्हणजे घासायचं, एवढं इंग्रजी त्यांना येत होतं. त्यांनी मोरी घासली. मलमाची बाटली न उघडताच शर्टपिसांवर ठेवून दिली. पुरुषमाणसानं कसलं मलम लावायचं!

यंदा डिसेंबरात कौमुदीला मुलगी झाली आणि ती दवाखान्यातून माहेरी आली. सव्वा महिना राहायचा बेत होता. आज आठवा दिवस. आठ दिवसांत आजोबांनी नातीला एकदाही उचललं नव्हतं.

दुपारी अविनाशराव गॅलरीत हिंचक्यावर झोके घेत बसले होते. आत त्यांची थोरली बहीण विजयमालाताई आल्या होत्या, दांडिया बाजारातून, डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. ताई निवृत्त शिक्षिका. त्यांच्याशी बोलणाऱ्या कौमुदीचा आवाज गॅलरीत स्वच्छ ऐकू येत होता.

"आत्या, बारसं झालं की मी सासरी बाजव्याला जाते."

"अगं, सव्वा महिना राहणार होतीस ना?"

"कुणासाठी राहू? बाबा दारातूनच विचारतात, 'झोपली का?' मीटर वाचायला आल्यासारखे. जवळ येत नाहीत. मुलगा झाला असता तर आले असते."

अविनाशरावांचा हिंचका थांबला. बाजवा काही लांब नाही, स्कूटरवर पाऊण तास. पण बारशाच्या दुसऱ्या दिवशी रुसून गेलेली लेक अमेरिकेपेक्षा लांब जाते, हे त्यांना कळत होतं. उठून आत जावं, 'तसं नाही गं' म्हणावं, असं त्यांना फार वाटलं. मग कसं आहे, ते सांगावं लागलं असतं. ते बसून राहिले.

ताई गॅलरीत आल्या. "काय रे अविनाश, नात घेत का नाहीस?"

"सर्दी आहे."

"आठ दिवस? शिंक बघू एकदा."

अविनाशरावांना शिंक आली नाही. पस्तीस वर्षं मुलांच्या सबबी ऐकलेल्या त्या बाईसमोर त्यांनी शेवटी खिशातले हात काढले. तळहात वाळलेल्या तळ्यासारखे तडकले होते. दोन ठिकाणी लाल दिसत होतं.

"पहिल्या दिवशी घ्यायला गेलो होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "दुपटं मलमलीचं. माझ्या हाताला धागा अडकला नि सर्रकन निघून आला. कापडाचं हे, तर तिच्या गालाचं काय होईल?"

ताईंनी त्यांचे हात आपल्या हातांत घेऊन पाहिले. मग म्हणाल्या, "आणि हे लेकीला सांगायला काय झालं होतं तुला?"

"हात दुखतात म्हणून काय सांगायचं?"

"तिनं मलम दिलं होतं ना तुला? आण."

बाटली आली. आत पांढरट, घट्ट गोळा होता. अविनाशरावांनी बोट दाबलं, दबेना. तळहाताची ऊब लागली तसा तो कडेनं पाघळू लागला, आणि त्यांचं बोट तिथंच थबकलं. कोकमतेल! स्नेहलताबाईंच्या माहेराहून, मालवणहून यायचं ते.

रात्रीची जेवणं झाली, टीव्हीवर बातम्या लागल्या, की स्नेहलताबाई स्वयंपाकघरातून गरम पळी घेऊन यायच्या. "टाचांना लावून उरलंय हो. टाकवत नाही. आणा हात." बातम्यांवरची नजर न काढता अविनाशराव हात पुढे करत. तेल वाया जाऊ नये, एवढ्याचसाठी. ती एकेक बोट चोळायची, शाकवाल्याशी झालेलं भांडण सांगायची, आणि देशातल्या बातम्या कधी संपल्या ते कळायचं नाही. थंडीत उरायचं, उन्हाळ्यातही उरायचं. सव्वीस वर्षं रोज तेवढंच कसं उरतं, हा प्रश्न कारखान्यात थेंब मोजून रंग मिसळणाऱ्या माणसाला एकदाही पडला नाही.

"तिच्या टाचांचं तेल," ते म्हणाले.

"कुठल्या टाचांचं?" ताईंनी विचारलं. "स्नेहलताच्या टाचांना कधी भेग पाहिलीस तू?"

अविनाशराव आठवू लागले. आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपण बायकोच्या पायांकडे कधी पाहिलंच नव्हतं!

"लोण्यासारख्या होत्या तिच्या टाचा. मी विचारलं होतं तिला. म्हणाली, 'वन्सं, यांच्यासाठी काढलंय म्हटलं तर हात मागे घेतात. उरलंय म्हटलं की देतात.' अरे, सव्वीस वर्षं त्या बाईनं तुझी लाज सांभाळली! ती गेली, आणि तुला मागता येत नाही म्हणून तुझे हात असे झाले. पुरुषाची कातडी काय पत्र्याची असते? तू गप्प राहून मोठा सोशिक झालास, आणि आत ती पोर समजतेय की बापाला नात नकोशी आहे. कोणाचं भलं झालं रे यात?"

हिंचक्याची कडी एकदाच करकरली. अविनाशरावांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हाक मारून काहीतरी मागितलं.

"कौमुदे! इकडे ये गं. हे जरा हातांना लावून दे. फार दुखतात."

कौमुदी आली. हात पाहून तिथंच खाली बसली. "बाबा! हे कधीपासून?" धाग्याची गोष्ट ऐकताना ती हसत होती की रडत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. "आणि मला वाटलं..."

"ऐकलं मी काय वाटलं ते. तुझी चूक नाही त्यात."

"आईच्या डब्यातला शेवटचा गोळा होता, बाबा. म्हणून घातला मलमात. आणि दाढीचं तेल? ते तरी वापरलंत?"

"दार आता अजिबात कुरकुरत नाही," अविनाशराव म्हणाले.

पुढचे चार दिवस सकाळ-संध्याकाळ कोकमतेल लागलं. चमत्कार झाला नाही; एकतीस वर्षं चार दिवसांत जात नाहीत. पण बारशाच्या सकाळी अविनाशरावांनी तेच मलमलीचं दुपटं तळहातावरून तीनदा ओढून पाहिलं. धागा अडकला नाही. मग ते आत गेले आणि कुणी न सांगता त्यांनी नात उचलली. ती जांभई देऊन झोपली. बाजव्याला जायचा विषय कौमुदीनं पुन्हा काढला नाही.

पंगत उठल्यावर जावईबापू हार्दिक पाणी द्यायला आले. तेही नंदेसरीलाच नोकरीला. ग्लास घेताना अविनाशरावांना त्यांच्या बोटांची पेरं दिसली: तिशीतच तडकू लागलेली.

"हातमोजे घालत नाहीस वाटतं?"

हार्दिकनं हात मागे घेतला. "चालशे, पप्पा, चालायचंच. एवढं काय त्यात!"

"बस इथं." अविनाशरावांनी खिशातून बाटली काढली. "हे उरलेलं नाही. तुझ्यासाठीच काढलंय."

तेव्हा मंडळी, वडिलांना भेट द्यायची असेल तर घरी करा, विकत आणा, तुमची मर्जी. पण द्यायच्या आधी त्यांचे हात एकदा हातात घेऊन पाहा. काय द्यायचं ते तिथंच लिहिलेलं असतं. आणि वडीलमंडळींनो, दुखतं तिथं दुखतं म्हणा! तुमच्या न बोलण्याचा अर्थ घरातली माणसं आपापल्या परीनं लावतात, आणि तो बहुधा चुकतो.

अविनाशरावांच्या फळीवर कोकमतेलाची बाटली आता मधोमध असते. तुरटीचा खडाही थोडा आत सरकला आहे.