सस्काटूनला राहिलेला तुकडा

खडकीच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले कोंडीराम एका हिवाळ्यात कॅनडात, सस्काटूनला, मुलाकडे तीन महिने राहून आले आणि विश्रांतवाडीच्या चहाच्या टपरीला पुढची दोन वर्षं दुसरा विषय उरला नाही. मुलगा सुदर्शन हिंजवडीच्या कंपनीतून तिकडे गेलेला. त्या काळात गल्लीआड एक पोरगा असा परदेशी जातच होता. पण तिथून परत आलेल्या बापांत कोंडीरामांची सर कुणाला नव्हती.

"जमीन अशी सपाट, दत्तोबा, की पोरांना चढ म्हणजे काय ते कळावं म्हणून शाळेत मुद्दाम जिना बांधलाय."

"आणि थंडी?"

"कानटोपी विसरलात की कान गळालेच. चौकाचौकात पेट्या ठेवल्यात. आपापले ओळखून न्यायचे."

सगळ्यात गाजली ती सावलीची गोष्ट. सुदर्शनच्या दारापुढं ते जरा उन्हात उभे राहिले, तर सावलीच फुटपाथला गोठून बसली! फावड्यानं उचकटली, पण टोपीचा तुकडा तिथंच राहिला. "तेव्हापासून माझी सावली बोटभर आखूड पडते," असं त्यांनी म्हटल्यावर टपरीवाले दत्तोबा खरंच वाकून बघू लागले होते.

मग डिसेंबरात गोष्टी अंगाशी आल्या. सून प्रियदर्शनीला नववा महिना लागलेला, तिला आई नाही. बाळंतपणाला कोंडीरामांच्या बायकोनं, सुशीलाबाईंनी, जायचं ठरलं. कोंडीरामांना डॉक्टरांनी आता लांबचं विमान बंद केलेलं, म्हणजे बाईंनी एकटीनंच जायचं. विमानाला नऊ दिवस उरले तरी बॅग माळ्यावरच होती.

"मी जात नाही," सुशीलाबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या.

"अगं, का?"

"कान."

"ते मी टपरीवर सांगितलेलं!"

"तुमचं निम्मं मी कायम सोडूनच देते. लग्नापासून देतेय. पण निम्मा कान गेला तरी डूल कुठं अडकवू?"

कोंडीरामांनी कपाळाला हात लावला. आता एकच उपाय होता, आणि तो त्यांनी आयुष्यात फारसा वापरला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ते खरं बोलू लागले.

"तिथं ना, संध्याकाळी गाडीला वायर लावून विजेच्या प्लगला जोडतात. नाहीतर सकाळी इंजिन उठत नाही."

"म्हशीसारखी दावणीला बांधतात म्हणा. वैरण काय घालतात?"

"शप्पथ! आणि शेजारी न सांगता आपल्या दारापुढचा बर्फ ओढून देतो."

"बदल्यात?"

"काही नाही. हात हलवतो, जातो."

"अहो, पुण्यात राहून असलं बोलताना काही वाटत नाही?"

तीन दिवस हे असंच चाललं. थापांना गिऱ्हाईक भरपूर, आणि शंभर नंबरी खऱ्याला घरातच कुणी विचारेना. चौथ्या सकाळी त्यांनी वैतागून सुदर्शनला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तिकडे संध्याकाळ होती.

"जय भीम, बाळा. गाडीला वायर लावतात की नाही, सांग तुझ्या आईला."

"लावतात की. आत्ताच लावून आलो."

सुशीलाबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"आणि शेजारी बर्फ ओढतो ते?"

"हो, शेजारचे आजोबा. बाबांची अजून आठवण काढतात. म्हणतात, तुझे वडील दिवसभर खिडकीत उभे असायचे. मी हात केला की तेही हात करायचे."

फोन ठेवल्यावर कोंडीरामांनी उगीचच चष्मा पुसला.

"दिवसभर खिडकीत?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"पोरगा कामावर, सून कामावर. बोलणार कुणाशी? मग तिथंच उभ्या उभ्या रचत बसायचो. म्हटलं, घरी गेल्यावर तुला सांगू."

सुशीलाबाईंनी जुडी बाजूला ठेवली. मग उठल्या.

"प्रियदर्शनी रजेवर आहे ना आता? म्हणजे ती पोर आता त्याच खिडकीत असेल. बॅग काढा खाली. आणि कानटोप्या दोन घ्या, एकीवर एक घालीन."

"आणि इथं मी?"

"तुम्हाला टपरी आहे. पण दूध तापत ठेवून जाऊ नका."

जानेवारीत नात झाल्याचा फोन आला. बाळ, बाळंतीण, वजन, जावळ, सगळं सांगून झालं. मग सुशीलाबाईंनी आवाज खाली आणला.

"अहो, दोन्ही कान शाबूत आहेत. पण एक सांगू? तुमच्या सावलीचा तुकडा सापडला. दारापुढंच आहे, टोपीसकट. रोज दुपारी मी जरा त्याच्याशेजारी उभी राहते."

"बोटभरच आहे ना?" कोंडीरामांनी विचारलं.

फोन ठेवून ते टपरीकडे निघाले. रस्त्यात ऊन होतं. त्यांनी खाली बघितलं, मग कुणी पाहत नाही ना याची खात्री करून हळूच टोपी सरळ केली.

"काय, काय खबर?" दत्तोबांनी विचारलं.

"नात झाली," कोंडीराम म्हणाले, "आणि सावली सापडली. आमच्या घरातून सांगितलंय. आणि ती खोटं बोलत नाही."