माझ्या घशातली अक्षत

मित्रांनो, शहाळ्याच्या तळाशी उरलेलं पाणी स्ट्रॉने ओढताना कसा आवाज होतो? सुर्रर्र! अगदी तसा माझा श्वास आहे. मी एका जुन्या, दोन सीटांच्या, उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कारचा कार्बुरेटर आहे. तोंडाने हवा घ्यायची, तिच्यात पेट्रोलचा फवारा मिसळायचा आणि इंजिनाला भरवायचं, एवढंच माझं काम. पण ते केलं नाही, तर ती लाल सुंदरी जागची हलत नाही बरं का!

माझा जन्म बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात झाला. मी ॲल्युमिनियमचा, तेव्हा आरशासारखा चकचकीत होतो. माझी पहिली गाडी एका पशुवैद्याची होती. तो गाईगुरं तपासायला स्पोर्ट्स कारमधून जायचा आणि मागे कधी कोंबड्यांचा खुराडा बांधलेला असायचा. ते दिवस मजेचे होते. मग तो म्हातारा झाला, गाडी शेडमध्ये गेली आणि माझ्या तोंडात कोळ्यांनी संसार थाटले. माझे सांधे झिजले. नको तिथून हवा आत घ्यायला लागलो. शेवटी कुणीतरी मला काढून एका खोक्यात टाकलं. मला वाटलं, संपलं सगळं.

पण तसं नव्हतं. या देशात जुन्या गाड्यांच्या भागांची एक गमतीदार पद्धत आहे. आपला झिजलेला भाग दुकानाला द्यायचा आणि दुसऱ्या कुणाचा तरी झिजलेला, पण नव्यासारखा केलेला भाग घरी न्यायचा. तसा मी मॉरीनबाईंच्या वर्कशॉपमध्ये पोचलो. त्यांनी मला पार उघडून धुतलं, नवी दांडी घातली, नवी सुई घातली. माझ्या पोटात एक पिस्टन आहे. इंजिनाला जास्त हवा हवी असेल तेव्हा तो वर उचलला जातो, नाहीतर खाली बसतो. मॉरीनबाईंनी तो बोटाने उचलून सोडला. टक! त्या म्हणाल्या, "लव्हली," आणि मला दुसऱ्या एका कार्बुरेटरशेजारी ठेवलं. आमच्या गाडीला दोन लागतात. सगळे आम्हाला जुळे म्हणतात, पण खरं सांगू? त्या दिवसापर्यंत आम्ही एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं.

आमचं खोकं उघडलं ते मिल्टन कीन्समधल्या एका गॅरेजमध्ये. गाडी होती यशोधनबाबांची. ते मूळचे पुण्याचे, दिवसा कॉम्प्युटरवर काम करायचे आणि संध्याकाळी गाडीखाली शिरायचे. वैभवी ही त्यांची चौदा वर्षांची मुलगी. तिला प्रश्न फार पडायचे. आमचे जुने कार्बुरेटर आता कुणाच्या गाडीत जाणार? हे आधी कुणाकडे होते? यांच्यातून किती हवा गेली असेल? बाबांनी तिला देण्याघेण्याची पद्धत समजावली, तेव्हा तिची आई, नंदाआई, दारातून म्हणाल्या, "म्हणजे बोहारणीसारखंच की. जुन्या साड्या द्या, पातेलं घ्या."

नंदाआई गाडीला 'माझी सवत' म्हणायच्या. बाबांना एडिनबराला नवी नोकरी मिळाली होती. शाळेच्या सहामाहीत मधेच मिळणाऱ्या हाफ-टर्मच्या सुट्टीत सगळं घर तिकडे हलणार होतं. आईंनी सरळ सांगून टाकलं होतं, सवत स्वतःच्या चाकांवर आली तर येईल, ट्रकवर बसवून तिची वरात निघणार नाही. बाबांनाही ते पटलं होतं. नाही चालली, तर विकायची. त्यावर वैभवी एवढंच म्हणाली की ती चालेल. पण रात्री जेवताना तिचं लक्ष नव्हतं म्हणे.

आम्हाला बसवलं आणि गाडी पहिल्याच किल्लीला गुरगुरली! बाबांनी तिला पाच-सहा राउंडअबाऊट फिरवून आणलं. परत आल्यावर आम्हा दोघांचा सूर नीट जुळवायला त्यांनी आमची हवेची झाकणं काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी दसरा होता.

सकाळी नंदाआई तबक घेऊन गॅरेजमध्ये आल्या. सवत असली म्हणून काय झालं, सणाच्या दिवशी वाहनाची पूजा चुकवायची नसते. त्यांनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि इंजिनाला कशाला उपाशी ठेवायचं म्हणून बॉनेट जरा उचलून ओल्या कुंकवातल्या चिमूटभर अक्षता आतही टाकल्या. बाकीच्या इकडेतिकडे उडाल्या. एक माझ्या उघड्या तोंडात पडली.

दुपारी बाबांनी गाडी सुरू केली. मी श्वास घेतला, पिस्टन वर गेला, आणि अक्षत त्याच्या कडेला अशी पाचरीसारखी बसली की तो खाली येईना. इंजिनाला पेट्रोलच पेट्रोल! काळा धूर, ठॉक ठॉक, आणि बंद. बाबांनी प्लग बदलले, तारा तपासल्या, पुन्हा धूर. मी ओरडून सांगणार कसा, मित्रांनो? शेवटी ते म्हणाले, हा नवा केलेला मालच खराब आहे. त्यांनी वर्कशॉपला फोन लावला आणि जरा चढ्याच आवाजात बोलले. मॉरीनबाई म्हणाल्या, मी स्वतः तपासलंय, पण पाठवा परत, बघते. मात्र परत यायला तीन आठवडे लागणार होते आणि सुट्टी तर पुढच्याच आठवड्यात होती.

आम्हाला काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. बबलरॅपमध्ये बांधायचं काम वैभवीकडे आलं. तिने बांधायच्या आधी आमच्या दोघांच्या तोंडात बोट घालून पिस्टन उचलून पाहिले. शेजारच्याने टक केलं. मी गप्प.

"बाबा, याचा खाली येत नाहीये. उघडून बघू?"

"अजिबात नाही. सील तुटलं की गॅरंटी गेली."

"पण बाबा, पाठवला तर गाडीच जाणार ना? उघडला तर नुसती गॅरंटी जाईल."

बाबांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून तिच्या हातात दिला.

तीन स्क्रू होते. तिने माझी टोपी काढली, पिस्टन हलकेच ओढला आणि टेबलावर एक लाल दाणा पडला.

नंदाआईंनी तो बोटावर उचलून घेतला.

"माझी आहे ही अक्षत," त्या म्हणाल्या. "ठसका लागला होता होय रे बिचाऱ्याला."

मला वाटलं, आता बाबा टोमणा मारणार. पण ते डोकं खाजवत म्हणाले, "तोंडात फडकं कोंबून ठेवायला हवं होतं. साधी गोष्ट. ती मी विसरलो आणि दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवली."

मग पुन्हा फोन. माफी मागणं त्यांना जमलं, पण कारण सांगताना त्यांची फार तारांबळ उडाली. तांदूळ. हो, तांदूळच. लाल. नाही, जेवताना नाही सांडला, तो आशीर्वाद होता. आणि हो, सील आमच्या मुलीने तोडलं. मग मॉरीनबाई म्हणाल्या, आजवर मी कार्बुरेटरमधून गांधीलमाश्यांचं पोळं काढलंय, उंदराची शेपटी काढलीय, आशीर्वाद पहिल्यांदाच ऐकतेय. "पुढच्या वेळी झाकण लावून आशीर्वाद द्या बरं का. आणि मुलीला सांगा, गॅरंटी आहे तशीच आहे."

आम्हाला पुन्हा गाडीत बसवलं आणि आठवड्याभराने बाबा, वैभवी आणि आम्ही निघालो. आई सामान घेऊन ट्रेनने पुढे गेल्या होत्या. मी दिवसभर श्वास घेत होतो: आधी ओल्या शेतांची हवा, मग समुद्राची खारी हवा, मग एडिनबराची, तिथल्या बिअरच्या भट्ट्यांतून येणाऱ्या भाजलेल्या धान्याच्या वासाची. दगडी रस्त्याचा शेवटचा चढ आम्ही दोघांनी एका सुरात ओढला. नव्या घराच्या पायरीवर नंदाआई कोट न घालताच उभ्या होत्या. गाडी थांबली तशी वैभवीने सीट रिकामी केली आणि दार उघडून धरलं. आई आधी नको नको म्हणाल्या. मग पदर आवरून बसल्या आणि म्हणाल्या, "चल रे यशो, एक चक्कर."

मित्रांनो, एखादी वस्तू बिघडली की लगेच तिला नावं ठेवू नका, खोक्यात बांधू नका. आम्हाला बोलता येत नाही हे खरं, पण आम्ही काही लपवूनही ठेवत नाही. तीन स्क्रू काढा आणि आत बघा.