ग्रीस न लावता घसरलं

हनीफ शेख भोरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. त्यांची लेक फौजिया २००४ साली पुण्यात कार्बनच्या नळ्यांवर पीएचडी करत होती. केसाहून हजारो पट बारीक नळ्या, पण पोलादाहून मजबूत! तरी त्यांचा धागा वळला की फारच लवकर सुटायचा. का ते शोधायला फौजिया दोन नळ्या एकमेकींना टेकवायची, एक ओढायची आणि किती जोर लागतो ते मोजायची. जोर जवळजवळ लागायचाच नाही.

"टेकल्याच नसतील," तिचे मार्गदर्शक सर म्हणायचे. आठ महिने हेच ऐकून एका शनिवारी ती वैतागून घरी निघाली.

एसटी नसरापूरला थांबली आणि मोबाईल वाजला. प्रयोगशाळेतला फिरोज ओरडत होता, "टेकल्यात! फोटोत दिसतंय! आणि आकडा तुझाच आलाय, तीनदा! सरांनी मान्य केलं!"

आवाज तुटत होता म्हणून फौजिया बोलत बोलत खाली उतरली. फोन संपेतो एसटी तिच्या बॅगेसकट गेली होती. तिला हसूच आवरेना. हसत हसतच ती भोरच्या शेअर रिक्षात घुसली.

शेजारी पासली गावच्या ठकुबाई बसल्या होत्या. "पोरी, लगीन ठरलं का काय?"

"नाही मावशी! नळ्या घसरल्या!"

"कुनाच्या गं?"

"माझ्या!"

"छपराची नळीची कौलं परत चढवायला मानूस हाय का घरात?" ठकुबाईंनी काळजीनं विचारलं, आणि फौजियाला पुन्हा हसू फुटलं.

डेपोत हनीफ एका गाडीखाली होते. तिनं वाकून सगळं एका दमात सांगितलं. ते रांगत बाहेर आले.

"जोरच लागत न्हाई? ग्रीस कंचं घातलंस?"

"काहीच नाही, अब्बा. कोरड्या!"

पंचवीस वर्षं ग्रीसमध्ये हात घातलेले हनीफ मटकन टायरवर बसले. "कोरड्या... लई भारी. आन् धागा?"

"म्हणूनच सुटतो! नळी तुटत नाही, शेजारणीवरून निसटते. आता त्यांना एकमेकींना धरायला लावायचं, बस्स!"

हनीफनी तिचे दोन्ही गाल धरले. गाल काळेकुट्ट झाले.

"चा सांगा रं समद्यांना!" ते ओरडले. "आन् तू चढ या टायरवर. पुन्हा सांग, मोठ्यानं. माजं अर्धंच ऐकून झालंय!"

फौजिया टायरवर चढली. चार ड्रायव्हर, दोन कंडक्टर गोळा झाले, आणि तिनं पहिल्यापासून सुरुवात केली.