चिपळूण डेपो, हेड मेकॅनिक

ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीच्या खाणीत आम्ही सगळे इंजिनियर यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, चालवतो. मी मात्र सिडनीहून लाल, दोन सीटची, बुटकी स्पोर्ट्‌स कार चालवत आणली. "एका विंटरमध्ये सडेल बघ," साइटवरचा संजीव म्हणाला. त्याचं खरं होतं, म्हणूनच जास्त राग आला. इथे धूळ बसावी म्हणून साइटच्या रस्त्यांवर खाणीतलं खारं पाणी मारतात. हिवाळ्यात पाऊस पडला की तोच चिखल गाडीच्या पोटाला चिकटतो. गाडी दुसऱ्या राज्यातली, त्यामुळे इथली नंबर प्लेट हवी तर इन्स्पेक्शन पास व्हायला हवं. खालचा पत्रा गंजलेला दिसला की संपलं.

तेव्हा माझे बाबा, काशीनाथ, चिपळूणहून आले होते. चौतीस वर्षं एस.टी. डेपोत मेकॅनिक, शेवटी हेड. पण रिटायर झाल्यापासून कुणी विचारलं की एकच, "मी प्रतीक्षाचा बाबा." मला ते मुळीच आवडायचं नाही.

त्यांनी गाडीतली पायाखालची मॅट उचलली. खाली मीच अंथरलेलं प्लास्टिक. कारपेट नवं राहावं म्हणून! आपल्याकडे रिमोटसुद्धा प्लास्टिकमध्येच राहतो ना. बुटांचं खारं पाणी त्याखाली मुरून पत्रा तांबूस झाला होता.

"इंजिनियर ना तू?" बाबा एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पंधरा दिवस ते जुन्या ब्लँकेटवर, गाडीखाली. मी शिफ्टवरून आले की आधी नळी लावून पोट धुवायचं. "कोकणात पावसाळाभर आम्ही हेच करायचो. धू, पूर्ण वाळव, घास, मगच रंग." त्या बुटक्या सीटवरून त्यांना उठवायला माझे दोन्ही हात लागायचे, पण गाडीखालून स्वतःच निघायचे.

इन्स्पेक्शनला गाडी वर उचलली गेली. इन्स्पेक्टर टॉर्च घेऊन बराच वेळ खाली फिरला.

"हा फ्लोअर कुणी केला?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा पुढे झाले. कॉलर सारखी केली आणि इंग्रजीत म्हणाले, "स्टेट ट्रान्सपोर्ट. चिपळूण डेपो. हेड मेकॅनिक."

"गुड जॉब, मेट." त्याने सही केली आणि माझ्याकडे वळला. "आणि तू?"

"मी?" म्हटलं, "मी ह्यांची मुलगी."