टोपीतलं बिऱ्हाड

आमचे हे उद्यान खात्यात संचालक. देशातली झाडून सारी राष्ट्रीय उद्यानं, त्यातले लांडगे, तळी आणि 'फुले तोडू नयेत'च्या पाट्या यांच्या हाताखाली. घरात मात्र यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही.

खात्याचा एक नियम यांनी स्वतः लिहिलेला आहे आणि त्याचा यांना कोण अभिमान. खात्याच्या मालकीच्या कुठल्याही जागेत, कुठल्याही वस्तूत पक्ष्यानं घरटं केलं, तर पिल्लं उडेपर्यंत ते हलवायचं नाही; दहा पावलांच्या आत फिरकायचं नाही. एकदा एका मंत्र्याच्या सरकारी गाडीत घरटं निघालं, तेव्हा यांनी मंत्र्याला चालत पाठवलं होतं. माणूस असा सरळ, की खोटं बोलायची वेळ आली तर याला खोकला येतो.

तर यांना बढतीचा हुकूम आला. राजधानीत महासंचालक, पुढच्या महिनाअखेरीच्या आत पदभार घ्यायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. हुकूम यांनी जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवला, एखाद्याची वीज तोडल्याची नोटीस वाचावी तसा. पण बढतीला नाही म्हणणारा माणूस यांच्या खानदानात जन्मायचा आहे.

मला धसका बसला तो सासूबाईंचा. लेकाच्या प्रत्येक बदलीबरोबर त्यांचं मैत्र मागे राहत गेलं. इथे आलो तेव्हा तर वर्षभर त्या फक्त रेडिओशी बोलत होत्या. बातम्या देणाऱ्याला 'अगं बाई, हो का?' म्हणायच्या. त्यांना पुन्हा माणसात आणलं ते शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरीणबाईंनी. दोघी रोज दुपारी आमच्या व्हरांड्यात पत्ते खेळतात आणि एकमेकींना राजरोस फसवतात. सासूबाई पुन्हा मुक्या झालेल्या मला बघवल्या नसत्या.

हुकूम ऐकून सासूबाई फक्त 'बरं झालं' म्हणाल्या आणि विणकाम घेऊन बसल्या. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी यांची सरकारी टोपी बाहेर काढली. सोनेरी पट्टीची ही टोपी डोक्यावर असल्याशिवाय पदभार घेता येत नाही, आणि जुनी जमा केल्याशिवाय खातं नवी देत नाही. टोपीला कुबट वास येतोय, असं म्हणून सासूबाईंनी ती व्हरांड्यातल्या खुंटीला टांगली. उलटी. उलटी का, विचारलं तर म्हणाल्या, आतून ऊन लागायला नको का?

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसं आठवड्याच्या आत टोपीत एका पक्षिणीनं बिऱ्हाड थाटलं. माझ्या लेखी ती चिमणीच; यांनी तिचं एवढं लांब नाव सांगितलं की ते संपेपर्यंत तिनं अंडी घातली.

यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. यांनी स्वतः दहा पावलं मोजली, लाल फीत बांधली आणि राजधानीला कळवलं. नियमाला अपवाद करावा का, यावर तिथे समिती बसली. पण नियम यांचाच, त्यामुळे अपवादाचा अर्जही यांनीच करायचा. तो काही यांनी केला नाही.

फितीच्या आत आमचं पुढचं दारही आलं. मग दूधवाला, पोस्टमन, खात्याचे बडे अधिकारी, सगळी वरात स्वयंपाकघरातून. एका उपसंचालकांना मी बोलता बोलता वाटाणे सोलायला दिले. पत्त्यांचा अड्डाही आत हलला आणि दोघी म्हाताऱ्या खाणाखुणांनी भांडू लागल्या. हात दाखवून अवलक्षण, असं मी सासूबाईंच्या कानाशी पुटपुटले, तर त्यांनी ऐकूच आलं नसल्यासारखं पान टाकलं.

सामानाचं एक खोकंही भरलं गेलं नाही. हे रोज सकाळी दुर्बीण लावून टोपीकडे बघायचे आणि ऑफिसला जायचे. मी दिवसेंदिवस त्या पिल्लांच्या अंगावर पिसं फुटताना बघत होते. उडायची घाई कसली आहे मेल्यांना?

महिना संपायला थोडेच दिवस उरले होते. सकाळी चहा ठेवून पुढच्या खिडकीतून पाहिलं, तर टोपी रिकामी. पिल्लं गेली, आई गेली.

सासूबाईंनीही पाहिलं होतं. त्या पत्ते हातात धरून नुसत्याच बसल्या होत्या. गप्प राहूया का, असं मी डोळ्यांनीच विचारलं.

"नको," त्या म्हणाल्या. "सांग त्याला. माझ्यापायी त्याची मान खाली नको जायला."

मी सांगायला निघाले. हे आधीच व्हरांड्यात होते. फीत ओलांडून, खुंटीखाली, टोपीत डोकावत, कानाला फोन.

"नाही, अजून उडाली नाहीत," हे हळू आवाजात सांगत होते. मग खोकले. "महिनाअखेर? छे, शक्य दिसत नाही. जागा दुसऱ्याला द्या. आणि जरा हळू बोला, पिल्लं दचकतात."

फोन ठेवून यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फीत पुन्हा ताणून बांधली. एवढ्या वर्षांत मला हा माणूस त्या दिवशी आवडला तेवढा कधी आवडला नव्हता.

हे स्वयंपाकघरात आले आणि सासूबाईंसमोर बसले. त्यांच्या अर्धवट विणलेल्या निळ्या स्वेटरशेजारी यांनी मुठीतलं काहीतरी ठेवलं. घरट्यातले निळ्या लोकरीचे तुकडे होते, सगळे बोटभर लांब, सारखे कापलेले.

"आई, पुढच्या वेळी लोकर हातानं तोड. पक्ष्यांकडे कात्री नसते."

सासूबाईंनी ते तुकडे गोळा करून विणकामाखाली सारले. त्यांचे डोळे भरून आले, पण त्या मुळात पत्तेबाज.

"पोस्टमास्तरीण येईपर्यंत एक डाव होतो," त्या म्हणाल्या आणि यांच्यासाठी पानं वाटू लागल्या.