पाहुण्याकडे न पाहणाऱ्या पोरी

माझा थोरला भाऊ नामाजी मेंढरं विकत घ्यायला निघाला की त्याच्यासोबत जाणं म्हणजे शिक्षाच. जवळा बाजार या आमच्या बाजारगावी बाकीचे लोक तासाभरात सौदा उरकून भजी खात बसायचे. हा गडी बाजारात जनावराला हातही लावायचा नाही. विकणाऱ्याचं गाव विचारून घ्यायचा, मग सवडीनं त्याच्या मेंढवाड्यावर जायचा आणि काही न बोलता मेंढरांच्या मधोमध उभा राहायचा. मेंढरं जवळ येऊन हुंगायला लागली की म्हणायचा, "घेऊ. हितं कुणी मारत न्हाई यांना." बुजून लांब पळाली की हा पाठ फिरवून चालता व्हायचा. त्याचा अंदाज सहसा चुकत नसे, आणि त्याची त्याला घमेंडही होती.

हिंगोली जिल्हा नवा झाला आणि दोन-तीन वर्षांत आमच्याकडं निवासी शाळांचं पेव फुटलं. त्याच सुमारास नामाजीची शिवकन्या, माझ्याकडं राहून गावच्या शाळेत शिकणारी, चौथीला होती. गावात पुढं शाळा नव्हती. दसरा झाला की नामाजी आणि सिंधू वहिनी मेंढरं घेऊन बाहेर पडायचे ते उन्हाळा संपतानाच परतायचे. म्हणजे पोरीला एक तर बोर्डिंगात ठेवायचं, नाही तर मेंढरांमागं न्यायचं. पोरगी अशी होती की भज्याच्या पुड्याचा तेलकट कागदसुद्धा वाचून झाल्याशिवाय टाकू द्यायची नाही.

वहिनीनं मात्र आधीच बजावलं होतं. "भावजी, मी एकदाच धाडीन. तिथून लेकरू रडत घरी आलं, तर मंग शाळेचं नाव काढायचं न्हाई. माझ्यासंगं मेंढरामागं येईल." वहिनी एकदा बोलली की बोलली. त्यामुळं शाळा निवडण्यात चूक होऊन चालणार नव्हतं.

मी दहावीपर्यंत शिकलेला. गावात शिलाई मशीन टाकून बसलो होतो, त्यामुळं घरात शिकलेला माणूस म्हणजे मी. चैत्रात, शाळांना सुट्टी लागायच्या आधी, नामाजी मेंढरं वहिनीवर सोपवून आला; त्याला माझ्या लुनावर मागं बसवलं आणि आम्ही शाळा बघत निघालो.

पहिली शाळा वसमतच्या बाजूची. फाटकावर रंगवलेली सरस्वती, आत निकालाचा मोठा फलक, एका खोलीत कापडानं झाकलेला कॉम्प्युटर. मी तर फलक बघूनच खूश झालो. हेडमास्तरांनी चहा पाजला आणि आमच्या मुली कलेक्टर होतील म्हणाले. नामाजीनं चहा घेतला, मान डोलावली आणि बाहेर मैदानात जाऊन मधोमध उभा राहिला. मी कपाळावर हात मारला. आता हा इथं मेंढरं बघणार!

पण गंमत बघा, पोरी खरंच धावत आल्या. "काका, तुमी कुठले? काका, पटका केवढा लांब हाय तुमचा?" एक बारकी पोरगी त्याचं बोट धरून विचारत होती, "तुमी जवळ्याकडं जाता का?" तिनं फाटकापर्यंत बोट सोडलं नाही. नामाजीचा चेहरा उजळला होता. लुनावर बसता बसता म्हणाला, "लेकरं बुजत न्हाईत, शिवहार. मारत नसतील हितं कुणी."

दुसरी शाळा औंढ्याच्या अलीकडं. पत्र्याचं छप्पर, भिंतीचा चुना पोपडे धरलेला. शालूबाई म्हणून तिथल्या रेक्टर होत्या. चाळिशीच्या, आवाजानं खणखणीत. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. "बघा सगळं हिंडून. पोरींनाच विचारा," एवढं म्हणून पुन्हा सुपात डोकं घातलं. चहाचं नावसुद्धा काढलं नाही, त्याचा मला रागच आला. नामाजी मैदानात उभा राहिला. पोरी लंगडी खेळत होत्या, दोघीजणी हौदावर भांडत कपडे धूत होत्या. एकीनंही मान वर केली नाही. शेवटी एक म्हणाली, "काका, बाजूला व्हा ना, आमची रेघ पुसून राहिली." बस्स, एवढंच काय ते स्वागत.

"चल," नामाजी म्हणाला. "जवळ येत न्हाईत. कायतरी धाक दिसतो."

त्याला पहिली शाळा पोरींमुळं पसंत पडली होती आणि मला फलकामुळं. दोघांचं एकमत आयुष्यात प्रथमच झालं. जूनमध्ये शिवकन्या पत्र्याची पेटी घेऊन वसमतच्या बाजूला गेली.

हेडमास्तरांनी सांगितलं होतं, लेकरू रमेपर्यंत कुणी येऊ नका. आम्ही पोळा होऊ दिला आणि वहिनीनं फडक्यात बांधलेल्या पुरणाच्या पोळ्या घेऊन निघालो. फाटकात शिरलो तर मैदानात पोरींचा घोळका. मधे हातपंप दुरुस्त करायला आलेला माणूस पाना घेऊन बसलेला, आणि पोरी त्याला काही काम करू देत नव्हत्या. त्यांची पाठ आमच्याकडं होती. एका पोरीनं त्याच्या सदऱ्याची बाही धरून ठेवली होती.

"काका, तुमी जवळ्याकडं जाता का? माझ्या मायला सांगता का?"

तो आवाज शिवकन्येचा होता.

"सरक गं पोरी, हात सापडल," तो माणूस वैतागून म्हणाला. ती सरकली, पण बाही सोडली नाही.

नामाजीनं हाक मारली नाही. मी हाक मारायला गेलो तर त्यानं माझा दंड धरला. ज्या पोरीनं उन्हाळ्यात त्याचं बोट धरलं होतं, तीही त्या घोळक्यात होती. ती काय विचारत होती, ते आम्ही दोघांनी तेव्हाही ऐकलं होतं की. पण ऐकून घेतलं नव्हतं.

तिथं मार नव्हता, उपासमारही नव्हती. संध्याकाळी मास्तर लोक मोटारसायकलीवर आपापल्या घरी जायचे, स्वयंपाकीण भाकरी वाढून निघून जायची, आणि मग कुलूप लागलेल्या फाटकाआड त्या पोरींशी बोलायला कुणी उरायचं नाही. हे शिवकन्येनं नंतर सांगितलं. बापाला बघून ती आधी रडली, मग पोळी खाल्ली, मग पुन्हा रडली.

"मेंढरू अंगाशी आलं की मला कळतंय ते काहून आलं," नामाजी म्हणाला. "लेकरू काहून आलं, ते मी इचारलंच न्हाई."

मी म्हणालो, "चल, घरी घेऊन जाऊ."

"घरी नेलं की संपलं. तुझ्या वहिनीला वळखत न्हाईस का?" त्यानं पेटी डोक्यावर घेतली. "आधी त्या पत्र्याच्या शाळेत चल."

लुनावर तिघं आणि पेटी कसे गेलो ते आमचं आम्हाला माहीत. शालूबाईंनी ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "जागा भरल्या. तुम्ही उन्हाळ्यात बघून गेला होता की. तेव्हा काय आवडलं नाही?"

मी बहाणा शोधत होतो. नामाजीनं खरं ते सांगून टाकलं. "पोरी जवळ आल्या न्हाईत, बाई. मला वाटलं, भेलेल्या हायेत."

शालूबाईंना हसू फुटलं. मग त्यांचं हसू थांबलं, कारण शिवकन्येनं त्यांचं बोट धरलं होतं. ओळख ना पाळख, पण घट्ट धरलं होतं. त्यांनी त्या बोटाकडं बघितलं, पोरीकडं बघितलं.

"काय नाव तुझं?"

"शिवकन्या नामाजी."

"दाटीवाटीनं झोपावं लागंल. चालंल?" पोरीनं मान हलवली. "राहू द्या हिला," त्या आम्हाला म्हणाल्या. "कागदपत्रांचं मी बघते."

वहिनीला आम्ही एवढंच सांगितलं की शाळा बदलली. ती समजायचं ते समजली, आणि दोन दिवस आम्हा दोघांशी बोलली नाही.

त्यानंतर संक्रांतीला नामाजी मेंढरं वहिनीवर सोपवून आला आणि आम्ही तिळाचे लाडू घेऊन शाळेत गेलो. मैदानात लंगडीचा डाव रंगला होता. शिवकन्या एका पायावर उड्या मारत एका उंच पोरीच्या मागं लागली होती. तिनं आम्हाला बघितलं. लंगडी घालता घालताच हात वर केला आणि ओरडली, "आबा, तिथं लिंबाखाली बसा! माझा डाव हाय!" आणि पुन्हा त्या पोरीमागं.

माझं डोकं फिरलं. "बाप एवढ्या लांबून आलाय आणि हिला लंगडी! थांब, बोलावतो."

"बस खाली," नामाजी म्हणाला. "आवाज देऊ नको."

तो लिंबाखाली बसला, लाडवांचा डबा मांडीवर घेतला आणि पटक्याच्या शेवानं डोळे पुसायला लागला. मी घाबरून विचारलं, काय झालं?

"माझी पोरगी मला बघून पळत आली न्हाई, शिवहार," तो म्हणाला, आणि रडता रडता हसायला लागला.

डाव बराच वेळ चालला. आम्ही बसून राहिलो.