वेलुक्कुट्टीचे एकवीस दिवस

वेलुक्कुट्टी माडी काढायचा. पंचवीस वर्षं माडावर चढउतार केलेला हा माणूस कर्किडकम या ऐन पावसाच्या मल्याळी महिन्यात बायकोच्या खांद्यावर हात टाकून, डावा पाय ओढत आमच्या चिकित्सालयात आला. कंबरेतून निघालेली कळ पार घोट्यापर्यंत जात होती.

चिकित्सालय चालवणाऱ्या देवयानी वैद्यरम्मांनी त्याला उताणं निजवून पाय सरळ वर उचलला. वीतभर उचलला तोच तो विव्हळला. मग लघवीला त्रास होतो का, मांड्यांच्या मध्ये बधिर वाटतं का, सगळं खोदून विचारलं. तसलं काही नव्हतं.

"असतं तर आत्ताच्या आत्ता मोठ्या इस्पितळात धाडलं असतं," त्या म्हणाल्या. "ही गृध्रसी, कंबरेतून पायात जाणारी नस दुखावलीय. हे काम माझं. एकवीस दिवस इथं राहायचं."

"सात दिवसांत नाही का भागणार, अम्मा? माड थांबत नाहीत."

"माड उभेच आहेत. आडवा तू झालायस."

त्याची बायको तंकमणी हसली. तो नाही हसला.

मी तिथं अकरा वर्षं तेल लावायचं काम करते. उडदाच्या पिठाचं कडं त्याच्या कंबरेवर बसवून त्यात कोमट तेल भरायचे, निवलं की बदलायचे. सहाव्या दिवशी कळ गुडघ्यापर्यंतच उरली. सातव्या दिवशी पूजेचं निमित्त काढून तो तासभर घरी गेला. आठव्या दिवशी पाहते तर छातीवर ताजे ओरखडे आणि कळ पुन्हा घोट्यात.

मी वैद्यरम्मांना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत.

"किती माड चढलास?"

"दोनच. घरामागचे."

"मग आज पहिला दिवस. इथून पुढं एकवीस."

"म्हणजे सात दिवस फुकट गेले?"

"फुकट कसले? तुला उतार पडतोय हे त्यांनीच दाखवलं. नाहीतर माडावर पाय ठेवायची हिंमत झाली असती तुझी?"

तंकमणीनं त्याच दिवशी त्याचा कोयता आणि दोरी माहेरी नेऊन ठेवली. वेलुक्कुट्टी मुकाट पडून राहिला. काढा प्यायला, पेज जेवला, सांगितलेले व्यायाम केले. एकविसाव्या दिवशी वैद्यरम्मांनी पाय पुन्हा उचलला. चांगला वरपर्यंत गेला.

आणखी महिन्यानं त्या स्वतः त्याच्या बागेत आल्या. सगळ्यात ठेंगण्या माडावर त्याला अर्ध्यापर्यंत चढवून खाली बोलावलं.

"उद्यापासून दिवसाला सहा माड."

"बारा चढायचो मी."

"आणि लंगडत माझ्याकडं आलास."

उरलेले सहा त्यानं मेहुण्याला दिले.